वयोमानाचा शिक्का

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात चर्चा झाली. म्हातारपणी ज्या ढीगभर तपासण्या करायला सांगतात त्या गरजेच्या की तो नुसता धंदा, असा विषय होता. पुण्यात विषय मिळाला की दोन तट पडायला चहा येईपर्यंतही थांबावं लागत नाही. पहिल्या तटाचं म्हणणं, लॅब, डॉक्टर आणि मोठी हॉस्पिटलं यांची साखळी आहे, वाढदिवसाच्या शुभेच्छांबरोबर मोबाइलवर पॅकेजची जाहिरात येते, कट प्रॅक्टिसला, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांना मिळणाऱ्या कमिशनला, आळा घालायला राज्य सरकारनं 2017 मध्ये कायद्याचा मसुदा केला त्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही, तेव्हा सत्तरीनंतर सुई टोचूनच घेऊ नये. दुसऱ्या तटाचं नेमकं उलट: दर सहा महिन्यांनी डोक्यापासून पायापर्यंत सगळं तपासून घ्यावं, पैसे मुलं भरतात, आपल्याला काय जातंय? टाळ्या पहिल्या तटाला जास्त पडल्या. मी पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षं टेक्निशियन म्हणून काढली, त्यामुळे दोन्हीकडचे लोक अधूनमधून माझ्याकडे वळून पाहत होते. मी गप्प बसले. घरी येताना स्वतःवरच चिडले, म्हणून हे लिहायला बसले.

दोन्ही तट चुकीच्या प्रश्नावर भांडत होते. तपासण्या किती, हा आकडा काहीच सांगत नाही. कुणाच्या मनात कोणती शंका आली म्हणून तपासणी केली आणि आलेला कागद कोण वाचणार, हे विचारायला हवं. उतारवयात रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा एक आजार आहे, जायंट सेल आर्टरायटिस नावाचा. त्याच्या निदानात ही गोष्ट जितकी लख्ख दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. त्याबाबतीत माझं मत असं आहे: पन्नाशी उलटलेल्या माणसाला आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी सुरू झाली आणि तिच्या जोडीला चावताना जबडा दमत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन जात असेल, तर फॅमिली डॉक्टरनं त्याच दिवशी या आजाराचा संशय घ्यावा, त्याच दिवशी रक्त काढायला पाठवावं, संशय दाट असेल तर त्याच दिवशी औषध सुरू करावं आणि पक्का पुरावा मागाहून गोळा करावा. आज बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा चालतो, आणि त्यात डोळे जातात.

आधी आजार काय आहे ते सांगते. कानशिलावर बोट ठेवलं की जी नस उडताना लागते ती एक धमनी. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच मोठ्या आणि मध्यम धमन्यांच्या भिंतींवर उलटते. भिंत सुजते, आतून जाड होते, रक्ताची वाट अरुंद होत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या भिंतीत पुष्कळ केंद्रकं असलेल्या राक्षसी पेशी दिसतात, म्हणून ते नाव. पन्नाशीच्या आत हा आजार जवळजवळ होतच नाही. सत्तर ते ऐंशी या वयात सर्वांत जास्त दिसतो आणि बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. कानशिलाची धमनी सुजली की डोकं ठणकतं, केस विंचरताना त्वचा हुळहुळते, त्या कुशीवर उशीला डोकं टेकवत नाही. जबड्याच्या स्नायूंचं रक्त कमी झालं की पहिले चार घास नीट जातात आणि मग जबडा भरून येतो. थोडं थांबलं की पुन्हा चावता येतं. (मराठीतलं हे ‘भरून येणं’ इतकं चपखल आहे की डॉक्टरांनी पाठ्यपुस्तकातला शब्द बाजूला ठेवून याच शब्दात विचारावं.) जवळजवळ निम्म्या रुग्णांचे खांदे आणि कंबरेचा पट्टा सकाळी उठल्यावर तासभर आखडलेला असतो, ब्लाउजच्या बाहीत हात जात नाही, त्या दुखण्याला पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका म्हणतात. अंगात कसकस असते, वजन उतरतं. आणि डोळ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या बंद पडल्या की दृष्टी जाते. अजिबात न दुखता जाते, आणि बहुधा परत येत नाही. शंभर रुग्णांत पंधरा ते वीस जणांना अशी इजा होते. औषध मिळालं नाही तर दुसरा डोळा काही दिवसांत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत त्याच वाटेनं जाऊ शकतो.

माझ्या आत्याचं असंच झालं. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेली बाई वरणात पोळी कुस्करून खायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली. खांदे धरले तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर म्हणून व्यायाम दिले. 2024 च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुनिया घरोघर होता, त्यामुळे ‘चिकुनगुनियाचं राहिलेलं दुखणं असेल’ असंही एकानं सांगितलं, आणि खरं तर त्या वर्षी तो अंदाज वेडगळ नव्हता. डोकं दुखतंय म्हणाली तर चष्म्याचा नंबर बदलून मिळाला. प्रत्येकानं जाता जाता तोच शब्द वापरला: वयोमानानं होतं असं. दरम्यान बंगळुरूच्या मुलानं एक पॅकेज भरलं. माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी सतरा पानी रिपोर्ट आला. सहाव्या पानावर ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा आकडा, 96, ठळक अक्षरात. कोलेस्टेरॉल बरं आहे म्हणून सगळे खूश झाले आणि फाईल कपाटात गेली, ती सहा आठवडे तिथेच. एका सोमवारी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावताना तिच्या डाव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं, पाचेक मिनिटांत गेलं. फोन केल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळाली. बुधवारी सकाळी तिनं पेपर उघडला तेव्हा डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं.

फाईल मी पाहिली ती त्या बुधवारी दुपारी. एकतीस वर्षं मी असले आकडे ठळक करून छापले. ते कोण वाचतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, हे इथे कबूल करायला हवं. त्या संध्याकाळी एका तरुण डॉक्टरनं तिला तीनच प्रश्न विचारले, कानशिलाची नस बोटानं चाचपली आणि कुठल्याही नव्या रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून स्टेरॉइड सुरू केलं. उजवा डोळा वाचला. आता सांगा, आत्याच्या तपासण्या कमी झाल्या होत्या की जास्त? पहिल्या तटाचं ऐकून पॅकेज नाकारलं असतं तरी डोळा गेला असता, आणि दुसऱ्या तटाचं ऐकून ते केलं तरी गेलाच.

‘वयोमान’ हा शिक्का आजचा नाही. 1888 मध्ये विल्यम ब्रूस नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं म्हाताऱ्यांच्या आखडलेल्या खांद्या-कंबरेचं पहिलं नीट वर्णन लिहिलं, आणि त्यानं आजाराला नाव दिलं तेच मुळी ‘म्हातारपणाचा वातविकार’ अशा अर्थाचं. पॉलिमायाल्जिया हे वेगळं नाव मिळायला 1957 उजाडलं. 1890 मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सननं एका म्हाताऱ्याची हकिकत नोंदवली: त्याच्या कानशिलांवर लाल, दुखऱ्या रेघा उमटल्या होत्या आणि त्यामुळे त्याला टोपी घालता येत नव्हती. (पगडीच्या काळात सदाशिव पेठेतही कुणाची पगडी अशी बोचली असेल, पण त्याची नोंद कोण ठेवणार? सुंठ उगाळून कानशिलाला लेप लावला असेल.) दहाव्या-अकराव्या शतकातला बगदादचा नेत्रवैद्य अली इब्न ईसा डोकेदुखी आणि डोळ्यांच्या विकारांवर कानशिलाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार सांगतो, त्यात काही अभ्यासकांना हाच आजार दिसतो. 1932 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी ती नस कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा कुठे दुखणं म्हाताऱ्याच्या मनातून त्याच्या धमनीत आलं. मला यातली हचिन्सनची गोष्ट फार आवडते. त्याच्याकडे ना ईएसआर होता, ना सोनोग्राफी. टोपी का घालत नाही, एवढं त्यानं विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे घेते. ते फालतू नाहीत. पहिला मुद्दा असा की हा गोऱ्या लोकांचा आजार आहे. स्कँडिनेव्हियात आणि तिथून अमेरिकेत गेलेल्यांच्या वंशजांत तो सर्वांत जास्त सापडतो, भारतात विरळा. यात तथ्य आहे. जनुकांचा काही वाटा खरोखरच असावा. इथल्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरला वर्षभरात एकही रुग्ण दिसला नाही तर नवल नाही. पण विरळा आहे हे आपल्याला कशावरून कळलं? निदान फारसं होत नाही यावरून. आणि निदान का होत नाही? तर विरळा आहे म्हणून कुणी शोधत नाही. तोमिसाकू कावासाकी यांनी 1967 मध्ये जपानी मुलांमधला धमन्यांच्या सुजेचा आजार वर्णिला, तेव्हा बरीच वर्षं तो जपान्यांचाच मानला जात होता. पुढे जगभर सापडू लागला. आपल्याकडे चंदिगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या बालरोगतज्ज्ञांनी तो चिकाटीनं शोधला आणि त्यांना तो भरपूर सापडला. मुलं तीच होती, तापही तोच होता. शिवाय 2011 च्या जनगणनेत साठीपुढचे लोक दहा कोटींच्या वर होते, आज त्याहून पुष्कळ जास्त. एवढ्या मोठ्या संख्येत विरळा आजारही काही थोड्या माणसांना होत नसतो.

पुणेकरांना तर विरळ्या आजाराचं वेगळं उदाहरण द्यायची गरजच नाही. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलियन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. तोवर हे नाव किती जणांनी ऐकलं होतं? पंधरा दिवसांत ते टपरीवर बोललं जाऊ लागलं. पायात एकाएकी ताकद राहिली नाही असं म्हणत कुणी आलं की गल्लीतला डॉक्टरही त्याला कमजोरी म्हणून घरी न धाडता थेट मोठ्या दवाखान्यात पाठवू लागला. नमुने एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, गेले, पाण्याचा माग काढला गेला. पुण्याचे डॉक्टर त्या पंधरवड्यात काही जास्त हुशार झाले नव्हते. लक्षणाला नाव मिळालं आणि संशय घ्यायची मुभा मिळाली, एवढंच झालं. अर्थात साथ असली की वर्तमानपत्रं मदतीला येतात. एकेकट्या म्हातारीच्या जबड्यासाठी कोण मथळा देणार?

दुसरा मुद्दा माझ्या स्वतःच्या विषयातला, तेव्हा तो जरा सविस्तर. ईएसआरवर विश्वास ठेवू नका, असं म्हणतात. ही तपासणी म्हणजे काय? रक्तात सायट्रेट मिसळून ते एका अरुंद काचेच्या नळीत उभं ठेवायचं आणि लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. वेस्टरग्रेननं 1921 मध्ये घालून दिलेली ही पद्धत. शरीरात कुठेही दाह असला की रक्तातली काही प्रथिनं वाढतात, पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या होतात आणि भराभर खाली बसतात. पण ‘कुठेही’ हीच मेख आहे. क्षय, लघवीचा जंतुसंसर्ग, अॅनिमिया, मायलोमा नावाचा रक्ताचा कर्करोग, सगळ्यांत ईएसआर वाढतो. नळी जरा तिरकी राहिली तरी वाढतो. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी तेच शिकवायची. वयानंही वाढतो, हे मला मान्य करायलाच हवं: बाईच्या वयात दहा मिळवून निम्मे करावेत, ती साधारण वरची मर्यादा; पुरुषाचं नुसतं निम्मं वय. म्हणजे वयोमान त्या आकड्यात आधीच धरलेलं आहे. आत्याच्या वयाला 42 पर्यंत चाललं असतं, तिचा होता 96. उरलेल्या 54 चा जाब कुणाला विचारायचा?

तेव्हा सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांचा ईएसआर करा, असं मी मुळीच म्हणत नाही. तसं केलं तर शंभर जणांचा आकडा वाढलेला निघेल, नव्याण्णव जण विनाकारण धास्तावतील आणि पहिल्या तटाला आयतंच कोलीत मिळेल. तपासणीला किंमत येते ती तिच्या आधी विचारलेल्या प्रश्नामुळे. नुसती डोकेदुखी असेल तर या आजाराची शक्यता फार नाही. जबडा भरून येतो म्हटल्यावर पारडं साधारण चौपट झुकतं, अधूनमधून एकाचे दोन दिसतात म्हटल्यावरही बऱ्यापैकी. अशा माणसाचा ईएसआर वाढलेला निघाला, जोडीला सीआरपी ही दाह दाखवणारी दुसरी तपासणीही वाढलेली निघाली, तर तो आकडा बोलका होतो. आणि याच्या उलटही खरं: थोड्या रुग्णांत दोन्ही आकडे अगदी साधे येतात. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून जबड्याची तक्रार खोटी ठरत नाही. मशीनचा कागद माणसाच्या सांगण्यावर मात करतो, ही आपल्याकडची सवय पॅकेजवाल्यांनीच लावली आहे; त्याबाबतीत मी पहिल्या तटाबरोबर आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत जड आहे, स्टेरॉइडचा. औषध म्हणजे प्रेडनिसोलोन, दिवसाला 40 ते 60 मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग महिनोन्‌महिने कमी करत जायचं; वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. त्यानं साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, दबून बसलेला क्षय डोकं वर काढतो. मधुमेह आणि क्षय दोन्ही मुबलक असलेल्या देशात हे लहान दुष्परिणाम नव्हेत. आणि 2021 चा उन्हाळा विसरलो का आपण? कोविडमधून वाचलेले, मधुमेह असलेले, स्टेरॉइड घेतलेले किती लोक त्या मे-जूनमध्ये काळ्या बुरशीनं, म्हणजे म्युकरमायकोसिसनं, डोळा गमावून बसले, जबडे काढावे लागले. डोळा वाचवण्यासाठी स्टेरॉइड द्या, असं पुण्यात म्हणताना त्या दिवसांची आठवण ठेवूनच म्हटलं पाहिजे. म्युकरमायकोसिसमध्येही डोकं दुखतं आणि दृष्टी जाते. तिथे कानशिलाच्या नसेचा आजार समजून नुसतं स्टेरॉइड दिलं तर माणूस दगावेल. म्हणून साखर भडकलेल्या माणसाचं नाक बंद आहे का, त्यातून काळपट काही येतं का, गाल बधिर आहे का, डोळा पुढे आलाय का, हे पाहिल्याशिवाय गोळी देता कामा नये.

एवढं सगळं मान्य करूनही माझं मत बदलत नाही, कारण दोन्ही चुकांचं वजन सारखं नाही. संशयावर गोळी सुरू केली आणि आठवड्याभरात हा आजार नाही असं ठरलं, तर गोळी थांबवता येते. त्या आठवड्यात साखर वाढेल, ती मोजता येते, उतरवता येते. गोळी दिली नाही आणि आजार असला, तर गेलेली दृष्टी आणण्याचा उपाय कुठल्याही हॉस्पिटलात नाही. स्टेरॉइडचं मोठं नुकसान होतं ते महिनोन्‌महिन्यांच्या वापरानं. म्हणजे स्टेरॉइडची भीती ही पुरावा लवकर मिळवण्याच्या बाजूचा युक्तिवाद आहे; सुरुवात लांबवण्यासाठी तो वापरणं हा घोटाळा आहे. आणखी एक विसंगती मला नेहमी खटकते. गुडघेदुखीवर जडीबुटीच्या नावानं लेबल नसलेल्या पुड्या आणि गोळ्या आपले लोक वर्षानुवर्षं घेतात. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. तिथे कुणी दुष्परिणाम विचारत नाही. डॉक्टरनं नाव घेऊन, मोजून मापून, साखर बघत दिलं की मात्र घरात सभा भरते.

पुरावा लवकर मिळवायचा तर वाटा दोन. एक बायॉप्सी: जागा बधिर करून कानशिलाच्या नसेचा सेंटिमीटरभर किंवा जरा जास्त तुकडा काढतात. ‘डोक्याची नस कापणार’ हे शब्द ऐकले की नातेवाईक सही करत नाहीत. त्यांना हे कुणी सांगत नाही की त्या भागाला रक्त पुरवायला दुसऱ्या फांद्या असतात. सूज नसेत सलग नसते, मधेमधे चांगले पट्टे असतात, त्यामुळे तुकडा निर्दोष निघाला तरी आजार असू शकतो. मात्र स्टेरॉइड सुरू केल्यावर आठवडा-दोन आठवडे तरी खुणा टिकतात, तेव्हा ‘आधी बायॉप्सी, मग औषध’ या आग्रहाला आधार नाही. दुसरी वाट सोनोग्राफीची. 1997 पासून माहीत आहे की सुजलेल्या धमनीभोवती पडद्यावर काळं कडं दिसतं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 पासून सोनोग्राफीलाच पहिली पसंती दिली. स्टेरॉइडनंतर हे कडं मात्र काही दिवसांत फिकं पडतं, म्हणून ती चार-पाच दिवसांच्या आत व्हायला हवी.

आणि इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे, तिच्याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही. परदेशात संधिवाततज्ज्ञ स्वतःच्या टेबलावर सोनोग्राफीचं छोटं मशीन ठेवतो आणि रुग्ण समोर बसलेला असतानाच कानशील बघतो. आपल्याकडे 1994 चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आहे. प्रत्येक मशीनची नोंदणी, जागेची नोंदणी, कोण चालवणार त्याची नोंदणी. महाराष्ट्रात मुलींची संख्या किती घसरली होती ते आठवलं की हा कायदा हवाच होता, आजही हवा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सत्तरीच्या बाईच्या कानशिलापर्यंत जाणारी वाट त्यात विनाकारण अडली, हेही खरं. फक्त वरवरच्या भागांसाठी चालणाऱ्या प्रोबचा, म्हणजे सोनोग्राफीत अंगावर फिरवतात त्या दांड्याचा, वेगळा विचार करता येणार नाही का? तोवर रेडिऑलॉजिस्टना विनंती एवढीच की मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर, करताना शंका लिहून आलेली असेल तर प्रोब दोन इंच वर न्यावा.

पैशाचं काय, असं संघात एकानं विचारलं होतं. ईएसआर, सीआरपी आणि प्रेडनिसोलोनची पहिल्या आठवड्याची पाकिटं, सगळं धरून एका चांगल्या पॅकेजच्या निम्मीही किंमत होत नाही. गंमत अशी की ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून पाच लाखांचं कवच मिळतं, पण ते दाखल झाल्यावर. बाह्यरुग्ण विभागातला शंभर-दोनशेचा ईएसआर त्यात बसत नाही. डोळा गेल्यावर खर्च मिळतो, जाण्याआधी नाही. इंग्लंडमधल्या साउथएन्ड इथं संशयित रुग्णाला एक-दोन दिवसांत थेट तज्ज्ञापुढे आणि सोनोग्राफीपुढे नेणारी वाट आखली, तेव्हा कायमची दृष्टी जाण्याचं प्रमाण 37 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आलं. त्यासाठी नवं औषध लागलं नाही. मधला वेळ तेवढा काढून टाकला. पुण्यात ससून रुग्णालय आहे, लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय एएफएमसी आहे, संधिवाताच्या कामात हे शहर देशात पुढे आहे; 1996 पासून जवळच्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीचे रुग्ण मोजले गेले आहेत. एवढं असताना एक फोन नंबर आणि रोज तासभर राखून ठेवलेली सोनोग्राफी जमणार नाही?

राहता राहिला फॅमिली डॉक्टर. त्याच्यावर किती भार टाकायचा, हा रास्त प्रश्न आहे. बाहेर वीस जण बसलेले, त्यातले दहा तापाचे. आपल्या पेठांत आणि उपनगरांत अनेक जण बीएएमएस, बीएचएमएस आहेत, त्यांनी कोणती औषधं लिहावीत हा वाद तर आणखी वेगळा, त्यात मी पडत नाही. पण दाताचा डॉक्टर दात बघतो, हाडाचा खांदा बघतो, डोळ्याचा डोळा बघतो. दाढ, खांदा आणि डोळा एकाच बाईचे आहेत हे फक्त फॅमिली डॉक्टरला दिसू शकतं. जबडा भरून येतो का, हा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. लघवीची साधी तपासणीही तशीच. बारीक रक्तवाहिन्यांच्या सुजेचे काही आजार साठी-सत्तरीतच सुरू होतात आणि मूत्रपिंडं गुपचूप निकामी करतात. महिनोन्‌महिने खोकला, नाकातून रक्त, क्षयाची औषधं चालू, आणि लघवीत रक्त-प्रथिनं आहेत हे कुणी पाहिलेलंच नाही, असे रिपोर्ट मी स्वतः छापले आहेत.

या आठवड्यात मी पुन्हा संघात गेले आणि या वेळी बोलले. तपासण्या करा किंवा करू नका असं काहीच सांगितलं नाही. फक्त विचारलं, भाकरी चावताना कुणाचा जबडा मधेच भरून येतो का? आधी हशा पिकला. मग दोन हात वर झाले. एकाची कवळी नवी होती. दुसऱ्या बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गेला महिनाभर अंबाडा घालायचा सोडलाय म्हणाल्या, डोकं दुखतं म्हणून. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांचा नंबर घेऊन मी तिथूनच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, उद्या पाठवा. मी म्हटलं, आज.